निलोफरचा डावा हात

ज्यांच्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय आणि ज्यांना डॉक्टरांनी ऑपरेशननंतर दोन आठवडे पालथं पडून राहायला सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. म्हणजे तुम्हाला हे कुणीतरी वाचून दाखवत असणार. त्याला सांगा, आवाज मोठा ठेव आणि मधे मधे स्वतःची अक्कल घालू नकोस. पालथ्या माणसाला आधीच सगळं जग अक्कल शिकवत असतं.

आणि आत्ताच सांगून ठेवते, धीर कसा धरायचा ते माझ्याकडून शिकायला मिळणार नाही. धीर मी धरलाच नाही. त्या सगळ्या दिवसांत मी जळत होते, आणि जळत होते ती एका एकवीस वर्षांच्या पोरीवर, जिनं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. आजारपणावर लिहिणारे लोक हे गाळतात. भीती लिहितात, देवाचं नाव लिहितात, नवऱ्यानं कशी सेवा केली ते लिहितात. शेजारच्या खाटेवरचा पेशंट आपल्या आधी बरा होऊन घरी गेला तेव्हा पोटात काय झालं, ते कुणी लिहीत नाही. म्हटलं, आपण लिहू.

मॉडेल आणि रनिंग

मी जयश्री. माहेर करंजाचं, कोळ्याची पोर. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून पळत कबड्डी खेळले, शाळेत ज्युडो केलं, आणि लग्न होऊन कळंबोलीला आले. नवरा संतोष लोखंड बाजारात क्रेन चालवतो. मी अठ्ठावीस वर्षांची असताना आमच्याकडे टाइल्सच्या दुकानावर एमएमएचं जिम निघालं. बॉक्सिंग, कुस्ती, लाथा, मान आवळणं, सगळं एकाच पिंजऱ्यात. मी गेले होते पोट कमी करायला. तिसऱ्याच दिवशी तिथे शिकवणाऱ्या सरांनी मला एका पोराबरोबर मॅटवर सोडलं. मी त्याला खाली घेतला आणि छातीवर बसून राहिले. घरी येऊन संतोषला सांगितलं की मला हेच करायचंय.

पण अठ्ठावीस. सर सरळ माणूस, त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. हलक्या वजनाचा फायटर वेगावर जगतो, आणि अंगातून सगळ्यात आधी निघून जातो तो वेग. ताकद मात्र शेवटपर्यंत टिकते. म्हणून आमच्या जिममधले भोईरदादा, शंभर किलोच्या वरचे, चाळिशीला आले तरी वर्षातून एखादी फाइट घ्यायचे आणि एका ठोशात संपवून यायचे. बावन्न किलोच्या बाईला हे परवडत नाही. तिशीनंतर तिला जिंकायचं तर डोक्यानं जिंकावं लागतं. समोरची काय करणार ते तिच्याआधी कळावं लागतं. भोईरदादांवरही मी जळायचे, पण ते सोसवणारं जळणं होतं. शंभर किलो व्हायची माझी तयारी नव्हती.

संतोष समजूत काढायचा. म्हणायचा, "गाडीचं मॉडेल कुठल्या सालचं ते बघायचं नसतं, रनिंग किती झालंय ते बघायचं. तू उशिरा सुरू केलंस, तुझं रनिंग कमी आहे." लोखंड बाजारातल्या माणसाची समजूत तशीच असणार. मला ती पटायची, कारण पटवून घ्यायची होती.

हौशी फाइट्स मी जिंकले. व्यावसायिक फाइट मात्र मिळता मिळेना, कारण बावन्न किलोत बायका होत्याच किती. एकीशी ठरली, तिचं लग्न ठरलं. दुसरीचा गुडघा गेला. तिसऱ्या वेळी स्पर्धाच बारगळली. प्रत्येक वेळी वर्ष सरायचं, आणि ते माझ्याच अंगावर जमा व्हायचं. शेवटी तेहतिसाव्या वर्षी पुण्यात ठरली, नागपूरच्या एका मुलीबरोबर. सर म्हणाले, "जयश्री, ही पहिली, आणि बहुतेक हीच शेवटची." मी त्यांच्यावर चिडले नाही. हिशोब मलाही येत होता.

नागपूरच्या त्या मुलीचे जेवढे व्हिडिओ सापडले तेवढे मी वर्षभर बघितले. पोळ्या लाटताना बघितले. ती कशी श्वास घेते, कधी हात खाली सोडते, सगळं मला पाठ होतं.

निलोफर

निलोफर माझी सरावाची जोडीदार. पनवेलच्या मोहल्ल्यातली, वडील कुवेतला. त्यांना वाटायचं पोरगी कराटे करते. आई सगळं जाणून गप्प. माझ्याच वजनाची, डावखुरी, आणि मला "ताई, ताई" करून जीव टाकणारी. हे शेवटचंच जास्त खुपायचं. वाईट असती तर जळायला सोपं गेलं असतं.

वजन उतरवायचं म्हटलं की फरक दिसायचा. ती दोन दिवस मीठ सोडायची आणि हसत हसत काट्यावर चढायची. मी भर मे महिन्यात संतोषच्या बंद क्रेनच्या केबिनमध्ये रेनकोट घालून बसायचे. बाहेर लोखंडाच्या सळ्या तापलेल्या, आत मी शिजतेय, आणि खालून हमाल ओरडून विचारायचे, "वहिनी, झालं का?" तरी शेवटचा अर्धा किलो उतरता उतरायचा नाही. तिला मुक्का बसला तर दुसऱ्या दिवशी सूज गायब. माझी सूज पंधरा दिवस मुक्कामाला. ती क्लास संपल्यावर दोरीवरच्या उड्या मारायची, उगाच, मजा म्हणून. मी जिना उतरताना कठडा धरायचे आणि कुणी बघत नाही ना ते बघायचे.

एप्रिलपासून तिचा डावा हात मला लागायला लागला. डाव्या हाताचा तो गोल येणारा ठोसा, हुक म्हणतात त्याला. तो माझ्या उजव्या बाजूनं यायचा. आधी तो मला दिसायचा, मी डोकं खाली घालायचे आणि तिच्या कमरेला मिठी मारायचे. आता तो दिसायचाच नाही. एकदम कानावर आदळायचा. पाठोपाठ दुसरा.

मला वाटलं, झालं. वेग गेला. आपण म्हातारे झालो.

सरांनाही तेच वाटलं असणार. ते म्हणाले, "दोन दिवस आराम घे गं," आणि बघितलं दुसरीकडे. मी आराम घेतला नाही. उलट निलोफरला म्हटलं, रोज जास्तीचे तीन राउंड करू, डावा हातच मार. ती बिचारी मारत राहिली. उजव्या डोळ्यात मधेच वीज चमकल्यासारखं व्हायचं, चिलटं उडाल्यासारखे काळे ठिपके दिसायचे. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते वय झालं, आणि पुणे गेलं असतं.

तर हे वाचून दाखवणाऱ्या, जरा मोठ्यानं वाच. डोळ्यात वीज चमकली, ठिपके आले, कोपऱ्यातून काळं सरकायला लागलं, की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते वय नसतं.

म्हातारी नव्हे

कळालं ते एका ट्रकमुळे. संतोषबरोबर ट्रक टर्मिनलकडून रस्ता ओलांडत होते आणि उजवीकडून एक ट्रक रिव्हर्स घेत येत होता. संतोषनं टी-शर्टाला धरून मला मागे खेचलं. ट्रक गेल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"एवढा ट्रक दिसला नाही तुला?"

"लक्ष नव्हतं."

"जया, एवढा ट्रक."

तसाच मला बाइकवर बसवून पनवेलला डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. डोळ्यात थेंब घालून, डोक्याला दिवा बांधून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, किती दिवस झाले.

"महिना होऊन गेला."

"आणि महिनाभर काय करत होता तुम्ही?"

"मार खात होती," संतोष म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला. आतला पडदा बाजूनं सुटत आलाय, मधोमध पोचायच्या आत चिकटवायला हवा, उद्याच ऑपरेशन. बाजूची नजर किती परत येईल सांगता येत नाही. संतोष तो कागद उलटसुलट करून बघत होता. आणि मी, तुम्हाला खरं वाटणार नाही, मी खूश झाले.

"म्हणजे डॉक्टर, हे वयामुळे नाही ना?"

"कसलं वय? मार लागून झालंय हे."

मी संतोषकडे वळून म्हटलं, "बघ. म्हातारी नव्हते झाले. मला दिसतच नव्हतं." मला वेड लागल्यासारखं तो माझ्याकडे बघत होता. महिनाभर छातीवर बसलेला दगड उतरला होता माझा. निलोफर माझ्याहून वेगवान नव्हती. तिचा हात अंधारातून येत होता, एवढंच. तो आनंद मला कॉरिडॉरमधल्या बाकड्यापर्यंत पुरला. तिथे डॉक्टर मागून आल्या आणि म्हणाल्या, "आणि हो, डोक्याला मार बसेल असं यापुढे काही करायचं नाही. कधीच."

सरांना फोन मीच केला. ते आधी डोळ्याबद्दल बोलले, सगळं नीट विचारलं. मग मुद्द्यावर आले.

"पुण्याला कळवावं लागेल. नाव बदलावं लागेल."

"निलोफर?"

"तिचंच वजन जुळतं, जयश्री."

मला माहीत होतं. तरी विचारलं, आणि त्यांनी दुसरं काहीतरी म्हणावं म्हणून फोन कानाला धरून ठेवला.

ऑपरेशन

ऑपरेशनबद्दल थोडंच सांगते. भूल फक्त डोळ्यापुरती, ऐकू सगळं येतं. भीतीनं माझे पाय चादरीखाली थडथड उडत होते आणि डॉक्टर नर्सला विचारत होत्या की खारघरच्या नव्या फ्लॅटमध्ये पाणी येतं का. नर्स म्हणाली, सकाळी येतं, संध्याकाळी टँकर. मला त्या टँकरचा फार आधार वाटला. ज्या बाईला आत्ता पाण्याची चौकशी सुचते, तिच्या हातातला माझा डोळा काही एवढा बिघडलेला नसणार. तुमच्याही डॉक्टर असं काही बोलल्या तर रागावू नका.

पालथं

पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. तो योग्य जागी राहावा म्हणून तोंड खाली. जेवताना खाली, झोपताना खाली, संडासात खाली. आमच्या खेळात पालथं पडून पाठ दिली की संपलं, मागून मान आवळतात. पाच वर्षं मी काहीही झालं तरी पाठ द्यायची नाही एवढंच शिकले होते. आता दोन आठवडे तेच करायचं होतं.

संतोषनं लोखंडी पलंगाच्या डोक्याकडच्या नवारीच्या पट्ट्या सोडल्या आणि तिथे स्कूटरची हवा भरलेली ट्यूब बांधून दिली. त्यात तोंड बसायचं. खाली जमीन, ताट, स्ट्रॉ घातलेला पेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. ही ट्यूबची युक्ती जरूर करा. उशीनं मान मोडते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडायचं काम तेव्हा चालू होतं. दुपारी सुरुंग उडाला की पेल्यातलं पाणी थरथरायचं, आणि ते बघणं हा माझा विरंगुळा होता.

करंजाहून आई आली. पहिल्यांदा तिचे पाय दिसले, मग पलंगाभोवती फिरले, मग थांबले.

"सुकट पण आमी दोन बाजूंनी वाळवतो," ती म्हणाली. "तुला एकाच बाजूनं घातलाय ह्यांनी."

ट्यूबमध्ये तोंड घालून मी हसले आणि मग रडले. पालथं रडलं तर नाकाचं पाणी सरळ जमिनीवर पडतं. आईनं फडकं सरकवलं.

ओवे गावाहून सासूबाई आल्या. त्या मनाच्या वाईट नाहीत. पलंगाशी बसून म्हणाल्या, "जाऊ दे, डोळ्याच्या निमित्तानं सुटलीस त्यातून. आता तरी..." आणि थांबल्या. त्या "आता तरी"च्या पुढे काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आधी एक फाइट, मग मूल, असं मी पाच वर्षं म्हणत आले होते. लढायला मला उशीर झाला होता आणि त्यांच्या लेखी आई व्हायलाही. एकाच वयाचा दोन्हीकडून मार. त्या गेल्यावर मी सगळा राग संतोषवर काढला.

"तुलाही बरंच वाटलं असेल, फाइट गेली ते."

त्याचे पाय पलंगाशी आले.

"हो," तो म्हणाला. "वाटलं. महिनाभर तू सुजलेलं तोंड घेऊन घरी येत होतीस. मला बघवत नव्हतं."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो स्ट्रॉ बदलत राहिला.

पलंगाखाली

निलोफर रोज जिममधून थेट यायची. पहिल्या दिवशी अम्मीनं दिलेल्या शेवया घेऊन आली. "ताई, मला तुमचं तोंड दिसत नाही," म्हणाली, आणि पलंगाखाली सरकून सरळ उताणी झोपली. माझ्या तोंडाच्या खाली तिचं तोंड. एका हाताचं अंतर. डावा डोळा माझा चांगला होता, त्यानं मला तिची कातडीसुद्धा स्वच्छ दिसत होती. डोळ्यांखाली एक रेघ नाही. हनुवटीवर आदल्या दिवशीचा मार, आणि त्याचा निळेपणासुद्धा फिकटत आलेला.

मी असा चेहरा इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. ठोसा मारायच्या अंतरावर होता.

"ताई, ती नागपूरची," ती म्हणाली, "ती पट कधी काढते? सर म्हणाले तुम्हाला सगळं माहितीये."

पट काढणं म्हणजे खाली वाकून दोन्ही पायांना मिठी घालून पाडणं. नागपूरची पोर त्यावरच जिंकायची, आणि कधी काढणार ते मला माहीत होतं. सरांनाही माहीत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले. पालथ्या माणसाला झोपेचं सोंग घेणं सोपं असतं. ती थोडा वेळ थांबली, मग आवाज न करता बाहेर सरकली, आणि आईला म्हणताना ऐकू आलं, "ताई थकल्यात."

असं दोन दिवस चाललं. ती विचारायची, मी झोपायचे. माझं अंग जळत होतं. म्हटलं, जागा माझी घेतलीस, वय तुझ्याकडे आहे, डोळे तुझ्याकडे आहेत, पुढची दहा वर्षं तुझीच. आता मी वर्षभर पोळ्या लाटता लाटता जे जमवलं, तेही तुलाच देऊ? माझ्याकडे शिल्लक तेवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी मी सांगितलं. पण चांगुलपणानं सांगितलं असं समजू नका. मी विचार केला होता. मी गप्प बसले आणि ती जिंकली, तर ती तिची फाइट. मी सांगितलं आणि ती जिंकली, तर ती माझी. एवढा साधा हिशोब होता.

"पट काढायच्या आधी तिची डावी टाच उचलली जाते," मी वरून म्हटलं. "एवढीशीच. तिचे हात बघू नकोस, डोळे बघू नकोस. टाच उचलली की गुडघा वर घाल."

"डावी टाच," ती खालून म्हणाली.

"परत सांग."

"टाच उचलली की गुडघा."

मग रोज एक तास तेच. मी वर पालथी, ती खाली उताणी. ती खाली पडल्या पडल्या गुडघा मारायची, तो पलंगाच्या पट्टीवर आपटायचा आणि माझा अख्खा पलंग हलायचा. मी सांगायचे, उशीर झाला, परत. मला इतकं बरं वाटायला लागलं की मी तिच्या पायांची वाट बघायला लागले.

आई एका कोपऱ्यात तांदूळ निवडत सगळं बघत असायची. एकदा निलोफर गेल्यावर म्हणाली, "ती पोर गोड हाय."

"हाय तर हाय."

"तू तिला शिकवतेस का तिच्या अंगात शिरतेस?"

मी म्हटलं, तुला यातलं काय कळतंय.

"मासळीच्या लिलावात माजा आवाज बसला तवा सुनेला पुढं केली," आई म्हणाली. "मागं उभी राहून मी भाव सांगायची, ती वरडायची. मना वाटायचं मीच वरडतेय. पण नाय गो. लोक तिच्या तोंडाकडं बघायचे." आणि तिनं तांदूळ पाखडायला घेतले.

घाट

दोन आठवड्यांनी मला मान वर करायची परवानगी मिळाली. बुडबुडा मात्र डोळ्यात होता. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्या पाण्यासारखी एक रेघ नजरेत हलत राहायची आणि रोज थोडी खाली जायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, बुडबुडा पूर्ण जाईपर्यंत विमान नाही आणि घाट नाही. उंचीवर गॅस फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

फाइट पुण्यात होती. आमच्या घरापासून रस्ता ओलांडला की एक्स्प्रेस-वेच्या तोंडाशी पुण्याच्या गाड्या मिळतात. खिडकीतून त्या दिसायच्या. फाइटच्या आदल्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, आता वाटाण्याएवढाच राहिलाय हो. त्या म्हणाल्या, वाटाणाही फुगतो. मी म्हटलं, माझी फाइट आहे. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "तुमची?"

फाइटच्या दिवशी सगळं जिम पुण्याला गेलं. भोईरदादांनी स्वतःची गाडी काढली. संतोष माझ्याजवळ थांबला, कारण त्याला माझा भरवसा नव्हता, आणि ते बरोबरच होतं. जेवण झाल्यावर मी चपला घातल्या होत्या. त्यानं दारातच स्टूल टाकलं आणि वर्तमानपत्र उघडून बसला. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पान उलटत राहिला.

संध्याकाळी मोबाइलवर थेट दाखवणार होते. निलोफर पिंजऱ्यात आली, चित्र अडकलं. तिचं तोंड अर्धं ठोकळ्या-ठोकळ्यांचं होऊन थांबलं. मी मोबाइलवर ओरडत होते, टाच बघ, टाच. चित्र हललंच नाही. थोड्या वेळानं सरांचा फोन आला. मागे नुसता कल्ला.

"जिंकली. पहिल्याच राउंडला."

"गुडघा लागला?"

"कसला गुडघा? डावा हुक. पट काढायला वेळच नाही दिला तिनं. आल्या आल्या एक खाल्ला भुवईवर, आणि मग बसवला तो डावा. संपलं."

मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवला. संतोषला वाटलं मी आनंदानं रडतेय, त्यानं पाठीवर हात ठेवला. मी आनंदानं रडत नव्हते. वर्षभर मी ज्या टाचेचा अभ्यास केला, ती टाच उचललीच गेली नव्हती. तिला माझी गरज पडली नव्हती. तिनं फक्त मारलं, आणि मारलं त्याच हातानं, जो मला कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आली, गळ्यातलं मेडल घेऊन. ते तिनं माझ्या पलंगावर ठेवलं. मी उचललं नाही.

"सॉरी ताई," ती म्हणाली. "टाच बघायचं राहूनच गेलं. मी पार विसरले. आत गेल्यावर काही आठवतच नाही."

तिला खरंच वाईट वाटत होतं. जिंकून आलेली पोरगी माझी माफी मागत होती. तिच्या डाव्या भुवईवर टाके होते आणि पापणी सुजून अर्धी मिटली होती.

"डोळा दाखवलास का कुणाला?"

"सर म्हणाले, किरकोळ आहे."

"सरांना डोळ्यातलं काय कळतं? बस समोर."

डॉक्टर दर खेपेला करतात ते मी केलं. ते मला आता पाठ झालं होतं. स्टुलावर ती, पलंगावर मी, गुडघ्याला गुडघा. तिनं उजवा डोळा तळव्यानं झाकायचा, मी माझा डावा. तिनं माझ्या उघड्या डोळ्यात बघत राहायचं, मी तिच्या. नजर हलवायची नाही. मी उजवा हात दोघींच्या मधोमध धरला, एक बोट वर केलं आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला न्यायला लागले.

"बोट दिसतंय तोवर दिसतंय म्हण."

"दिसतंय," ती म्हणाली.

आई दारात उभी होती. बोट सरकवताना मला काय वाटत होतं ते सांगते, नाहीतर एवढं सगळं लिहून उपयोग नाही. मला वाटत होतं, हिनं कुठेतरी गप्प व्हावं. आंधळी व्हावी असं नाही. अगदी कडेला एवढंसं काळं असावं. मग ही माझ्या बाजूला आली असती. मी हिला ट्यूब बांधून दिली असती, स्ट्रॉ धरला असता, पलंगाखाली झोपले असते. जीव लावून सगळं केलं असतं.

"दिसतंय."

बोट माझ्या खांद्याच्या रेषेत गेलं.

"दिसतंय."

तिथे माझं बोट मला दिसेनासं झालं. हात माझाच, पण तो अंधारात गेला होता. मी तिच्या डोळ्यातून नजर काढली नाही. खांदा ताणून, नुसत्या अंदाजानं, मी तो आणखी बाहेर नेला, आणखी बाहेर, हाडाला कळ लागेपर्यंत.

"दिसतंय, ताई," ती म्हणाली. "अजून दिसतंय."